बस वळायची जागा

प्लॉट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात आबा आधी बटाट्यांनी भरलेली पिशवी देत. बाकीचे एजंट गाडीतून फिरवत, वाटेत चहा पाजत. आबा शहर बसनं शेवटच्या स्टॉपपर्यंत नेत आणि तिथून पुढं चालवत. "प्लॉट काय, सगळंच चौकोनी. पिशवी घिऊन घरापत्तोर पोचताय का, ते बघा."

मंगळवार पेठेत आम्ही भाड्यानं राहायचो, आबा समोर. तरी आम्हाला सूट नव्हती. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीकडं निघालो, तर उसाच्या कडेनं चालता चालता बायको अर्ध्या वाटेतच दगडावर बसली. "आबा, हे रोज जमायचं न्हाय."

"व्हय की," आबा खुशीत म्हणाले. "म्हणून तर बस हितवर आणायची हाय."

वसाहतीच्या टोकाच्या मोकळ्या जागेचे मालकाला प्लॉट पाडायचे होते. आबांनी त्याला आमच्यादेखत सुनावलं, "ही जागा इकलीस तर तुझा एक प्लॉट मी खपवणार न्हाय. उद्या बस आली तर वळंल कुठं, तुझ्या डोस्क्यावर?" मालक वैतागला, पण जागा राहिली, शिवाय तिच्याभोवती दुकानं आणि बालवाडीही आखली गेली. आम्ही तिथंच घर बांधलं.

"घरं आधी, बसचं मागनं बघू, आसं चाललंय," ते म्हणायचे. "मग दारात दोन-दोन गाड्या, आन् गाडी न्हाय त्याच्या पोरीचं कॉलेज बंद."

बस काही आली नाही. मोकळ्या जागेत लोक वाळू टाकू लागले. आबा तेवढ्यासाठी पेठेतून येत आणि भांडत. "आबा, तुमची बस कुठं पंक्चर झाली?" कुणीतरी डिवचायचं.

"येतीया. तुमी वाळू तेवढी उचला, पावणं."

या थंडीत आबा गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत बस मंजूर झाल्याचं कळलं.

आज ती पहिल्यांदा यायची होती. सकाळपासून माझ्या हातात पुस्तक टिकेना. मी पेठेत आबांच्या घरी काकूंकडं गेलो आणि आबांची पिशवी मागितली. त्यांनी काही न विचारता ती बटाट्यांनी भरून दिली. "खिडकीजवळ बसा, मास्तर," एवढंच म्हणाल्या.

जुना शेवटचा स्टॉप मागं पडला, तरी बस पुढंच निघाली. वसाहतीतली माणसं गच्च्यांवर उभी होती. टोकाला ड्रायव्हरनं एकदा मोकळ्या जागेकडं पाहिलं आणि रिव्हर्स न टाकता, एका दमात बस वळवली.

मी उतरलो. पिशवी हाताला जड लागायच्या आत घराचं दार आलं.