बाबा दलदलीत रुतले ती दुपार
ओल्या शेवाळाचा वास आला की उत्तर स्कॉटलंडमधली ती दुपार आठवते. मी एडिनबराला दलदलींवर पीएचडी करत होते. पुण्याहून आलेल्या बाबांना 'चिखलात काय शिकण्यासारखं आहे' ते दाखवायला मी फील्डवर नेलं. झाडाचा पत्ता नाही, नुसतं तांबूस शेवाळ आणि बारीक पाऊस. फोटो काढायला बाबा बाजूला सरकले आणि मांडीपर्यंत आत गेले. घाबरून पाय झाडू लागले. "बाबा, हलू नका, मागे रेला," मी म्हटलं आणि पोटावर झोपून त्यांना हळूहळू ओढून काढलं. एक बूट आतच राहिला. धापा टाकत त्यांनी विचारलं, "कोकणात याहून जास्त पाऊस पडतो, तिथे असं का नाही?" "तिथे पावसानंतर ऊन सगळं वाळवतं. इथे थंडी आणि बारमाही ओल. मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही, थर साचून त्याची 'पीट' नावाची मऊ, काळी माती होते. म्हणून या दलदली उत्तरेकडे जास्त. हवा तापली तर त्याही सुकतील." बाबांनी चिखलाने माखलेले हात पुसले. मग त्यांनी आईला फोन लावला, "हिची काळजी करू नकोस. हिला इथली जमीन कळते." आता दलदली राखणं हेच माझं काम आहे, आणि ते मला चांगलं जमतं.