फरशी शिकायलो का बंगला घासायलो?

मंडळी, माझंच डोकं फिरलंय का खरंच काहीतरी काळंबेरं हाय, तुमी सांगा.

शहाबादी फरशीला पॉलिश करायचं फुकट ट्रेनिंग हाय म्हणून तीन दिवस झाले घाटनांदूरहून परळीला जायलो. मी गवंडी माणूस, शिकलेलं वाया जात न्हाई.

ट्रेनिंग एका पुढाऱ्याच्या बंगल्यात हाय. परवा हॉल घासला, काल देवघर, आज व्हरांडा. शिकवणारे सर लई चांगले, मशीन कशी धरायची ते हात धरून दाखवतेत.

आज इचारलं, "सर, रोज नवी खोली कावून? एकाच फरशीवर हात बसवू की."

सर म्हणले, "सगळीकडं सराव पाहिजे. उद्या जिना शिकू, मग सर्टिफिकेट."

जिना शिकू! शेजारचा हसन मिस्त्री हळूच म्हणला, "अबे, रविवारी हितं पुढाऱ्याच्या पोरीचा साखरपुडा हाय. बाहेर मांडवाचं सामान उतरलंय, बघितलं न्हाई का?"

निघताना व्हरांडा असा चमकत होता की फरशीत माझं तोंड दिसलं. निरखून पाहिलं, तर येड्यावानी दिसायलं.

पण चमक मीच आणलेली हाय, हेबी खरं. सांगा, उद्या जिना शिकायला जाऊ का?