साडूंचा उजवा पाय

माझ्या मोठ्या साडूंना एका जागी स्वस्थ बसलेलं पाहिलंय असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर तो माणूस खोटं बोलतोय किंवा त्यानं दुसऱ्याच कोणाला पाहिलंय, असं खुशाल समजा. मोठे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जळगावात आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. जेवताना ते भाकरीचा तुकडा हातात घेऊन मध्येच उठत, खिडकीतून रस्ता बघून येत, आणि परत आल्यावर ताटातलं भरीत आपलंच आहे का, अशा नजरेनं त्याच्याकडे बघत. त्यांची दाढी करणारा न्हावी ती तुकड्यातुकड्यांनी करायचा. एक गाल झाला की साडू फेस लावलेल्या दुसऱ्या गालासकट दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहत, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत आणि मग उरलेला गाल घेऊन आत जात. एस.टी.त त्यांना बसायला जागा मिळाली तर ती ते दुसऱ्याला देत, आणि लोक त्यांना सज्जन म्हणत. खरं कारण त्यांचा उजवा पाय होता. तो बसल्या जागी थरथरू लागे, टाच वर-खाली होऊ लागे आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला ठोके बसत. एकदा पारोळ्याच्या पुढे असेच एक पागोटेवाले आजोबा मागे वळले आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ पाय शे का शिलाई मशीन?" साडू लगेच उठून उभे राहिले आणि थेट धुळ्यापर्यंत त्या आजोबांशी कापसावर बोलत राहिले. उतरताना आजोबांनी त्यांना दोन पेरू दिले.

डॉक्टरांनी या पायाला काहीतरी लांबलचक नाव सांगून गोळ्या लिहून दिल्या होत्या. साडूंनी त्या आणल्या आणि फ्रीजवर ठेवल्या. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, विचारलं की घेत का नाही, तर म्हणाले, "गोळीनं पाय थांबला आणि त्याबरोबर ताल पण गेला तर? तो कुठून आणायचा?" गोळ्या मुदत संपेपर्यंत फ्रीजवरच होत्या.

हा ताल मूळचा त्यांचा नव्हता. तो त्यांनी आयर्लंडहून आणला होता. साडू नरडाण्याच्या एका दूध-पावडरीच्या कारखान्यात मशीन जोडणारे फिटर होते आणि लहानपणापासून धुळ्याच्या आबांकडे व्हायोलिन शिकले होते. आबा जुन्या वळणाचे गुरू. मांडी घालून बसायचं, उजवा पाय जरा पुढे काढायचा, व्हायोलिनचं टोक त्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि मग गज लावायचा. पाय हलला की वाद्य हलणार, वाद्य हललं की सूर हलणार. म्हणून आबा नव्या शिष्याला पहिले कित्येक दिवस गज हातात देतच नसत, नुसतं पाय पुढे काढून बसायला लावत. "पाय हलला तर सूर टेकणार कशावर?" हे त्यांचं वाक्य साडू आमच्या घरी चहाच्या कपालाही ऐकवत. तरुणपणी साडू दोन-दोन तास दगडासारखे बसत असत, असं अक्का सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण अक्का खोटं बोलत नाहीत.

मग कारखान्यानं एक नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला साडूंना आयर्लंडमधल्या एका लहानशा गावी पाठवलं. गुरूचा नेम मोडू नये म्हणून ते व्हायोलिन बरोबर घेऊन गेले. घरमालक त्यांना पहिल्याच आठवड्यात गावच्या दारूच्या गुत्त्यात घेऊन गेला. साडू कट्टर माळकऱ्यासारखे काळा चहा मागवून बसले. थोड्या वेळानं कोपऱ्यातल्या चार-पाच शेतकऱ्यांनी पेटाऱ्यांतून व्हायोलिनं काढली. साडूंनी ओळखीचा माणूस दिसल्यासारखं स्वतःचंही काढलं, लाकडी बाकावर मांडी घातली, पाय पुढे काढला आणि घोट्यावर टोक टेकवलं. सगळा गुत्ता हसला. त्यांच्यातला एक दुधाचा टँकर चालवणारा म्हातारा उठला, त्यानं साडूंना बाकावरून उचलल्यासारखं करून खुर्चीवर बसवलं आणि वाद्य त्यांच्या खांद्याला लावून दिलं. म्हणाला, "पाय मोकळा सोड. पाय अडकवून ठेवलास तर सूर नाचणार कशावर?" त्या लोकांच्या वाजवण्यात तबला नसतो. ज्याचा त्याचा पाय हाच त्याचा तबला. साडू तिथे दोन वर्षं राहिले, मशीन शिकले, आणि परत आले तेव्हा हा पाय त्यांच्याबरोबर आला.

तेव्हापासून त्यांच्या घरात दोन व्हायोलिनं झाली, एक बसकं आणि एक उभं. दोन्हींच्या तारा वेगळ्या सुरांत लावलेल्या. बसक्यावर यमन वाजवता वाजवता ते ताडकन उठत, "अरे, हे तिकडे पण आहे," म्हणत उभं खांद्याला लावत आणि त्या टँकरवाल्याची एखादी धून वाजवून दाखवत. कधी तिकडच्या धुनेत त्यांना भूप सापडे, कधी दुर्गा. सापडला की ते हरवलेली किल्ली मिळाल्यासारखे घरभर फिरत. अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "दोन संसार थाटले असते तरी माणसाची एवढी धावपळ झाली नसती!" त्यावर साडू म्हणत, "दोनच तर आहेत. एक बसतं, एक उभं राहतं. भांडण कुठंय?" तो टँकरवाला म्हातारा अधूनमधून मोबाइलवर दिसायचा. पाण्याच्या माठाला मोबाइल टेकवून दोघं एकत्र वाजवायचा प्रयत्न करत. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे दोघं कायम एकमेकांच्या मागे धावत असत आणि शेवटी तू चुकलास, तू चुकलास असं दोन भाषांत चालायचं.

एका भाच्याच्या लग्नात साडू वरातीच्या बँडवाल्यांत जाऊन उभे राहिले आणि त्यांना एक धून वाजवून दाखवली. क्लॅरिनेटवाल्यानं ती तिथल्या तिथे उचलली. पुढच्या लग्नसराईत ती धून यावलच्या वरातीत ऐकू आली, मग साक्रीच्या. आज अर्धा खानदेश आयर्लंडच्या चालीवर नाचतो आणि नवरदेवाच्या बापाला त्याचा पत्ता नसतो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आबांच्या घरी ते हसण्यावारी गेलं नाही. परत आल्यावरच्या पहिल्या गुरुपौर्णिमेला साडू नेहमीप्रमाणे धुळ्याला गेले, सगळ्या शिष्यांसमोर वाजवायला बसले, आणि विलंबित चालू असताना त्यांचा पाय सुरू झाला. घोट्यावरचं टोक नाचायला लागलं. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी पाय आवर. मग ये."

साडू गेले नाहीत, ते वर्षानुवर्षं. दर गुरुपौर्णिमेला जळगावातून धुळ्याच्या दिशेला तोंड करून नमस्कार करत आणि दिवसभर कोणाशी बोलत नसत. तिकडचं वाजवणं सोडलं असतं तर पाय कदाचित आवरला असता. मी एकदा तसं सुचवलं. ते माझ्याकडे इतक्या आश्चर्यानं बघत राहिले की मी विषय बदलला. त्यांना दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही आबांच्या कानावर घालायचं होतं. आबा आता फार थकले होते. दरवर्षी कोणीतरी धुळ्याहून येई आणि आबांची तब्येत सांगे, आणि त्या रात्री साडूंच्या खोलीत येरझाऱ्या वाढत.

मग पाय आवरायचे प्रयोग सुरू झाले. आधी पाय मफलरनं पाटाला बांधून पाहिला, तर पाटच ठोके देऊ लागला. मग वाळूची पिशवी ठेवली, ती घरंगळली. मग अक्कांचा वरवंटा आला. तो मात्र काम करू लागला होता, पण अक्का हातात मिरच्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. "आज ठेचा करायचा की भीमपलास, ते एकदा ठरवा." वरवंटा परत गेला आणि माझ्यावर पाळी आली. "साडूभाऊ, तुम्ही शांत माणूस. तुमचा हात जड आहे. जरा धरता का?"

आणि मी धरला. रोज दुपारी चारला मी त्यांच्याकडे जात असे, सतरंजीवर बसत असे, डाव्या हातात पुस्तक आणि उजव्या हातात साडूंचा घोटा. पान उलटायला हात लागला की मी थांबत असे, सम येऊन गेली की पटकन उलटत असे. मला गाणं कानानं कधीच फारसं कळलं नाही. जे कळलं ते तळहातानं. विलंबितात तो घोटा झोपलेल्या मुलासारखा जड होई. गज जरा जलद झाला की आत कुठेतरी एक शीर उडू लागे, आणि मग मला कळे की आता हा माणूस धुळ्याच्या वाटेवरून निघून तिकडच्या रस्त्याला लागतोय. मी जरा दाबत असे. "आलो, आलो," म्हणत ते परत येत.

अशी तयारी करून एका गुरुपौर्णिमेला आम्ही धुळ्याला गेलो. साडू दोन्ही व्हायोलिनं घेऊन सबंध रस्ता उभे होते. आबांची खोली माडीवर, फळ्यांच्या जमिनीची. आबा खाटेवर उशांना टेकून होते, डोळे मिटलेले. शिष्यमंडळी भिंतीकडेनं बसली होती. साडूंनी पायावर शाल घेतली, मी त्यांच्याशेजारी बसलो आणि शालीखाली हात घातला. भीमपलास सुरू झाला. असा त्यांनी जळगावात कधी वाजवला नव्हता. पाय हलला नाही. पण माझ्या हाताखाली तो थंडी वाजल्यासारखा आतल्या आत कापत होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी चुकीचं धरून बसलोय.

वाजवणं संपलं. आबा डोळे न उघडता म्हणाले, "चांगलं वाजवलंस. शालीखाली कोण शे?"

साडूंनी गज खाली ठेवला. "आबा, माझे साडू आहेत."

"त्याना पाय सोड रे बाबा," आबा मला म्हणाले. "माले बठ्ठं दखाय राह्यनं." सगळं दिसतंय म्हणाले, आणि डोळे अजून मिटलेलेच होते.

मी हात काढून घेतला. आबा म्हणाले, "आता ते तिकडलं वाजव. लोक सांगत राहतात मला. ऐकू दे एकदा."

साडूंनी उभं व्हायोलिन काढलं. कोणीतरी खुर्ची पुढे केली, पण गुरूसमोर खुर्चीवर कसं बसायचं म्हणून ते दाराशी उभे राहिले. धून सुरू केली. आणि इतकी वर्षं ज्याला आवरण्यात गेली, तो पाय हलेना. खिळा ठोकल्यासारखा फळीवर उभा. सूर बरोबर येत होते, पण त्यांत जीव नव्हता. साडू स्वतःच्याच पायाकडे बघू लागले.

"एवढा हालत व्हता, आते काय व्हयनं?" आबा म्हणाले, आणि भिंतीकडेची मंडळी हसली. साडूही हसले. त्या हसण्यात कुठेतरी टाच उचलली गेली. फळी वाजली. दुसऱ्या फेऱ्याला कोपऱ्यातले पाण्याचे पेले किणकिणू लागले, आणि खाटेच्या कडेवर आबांची बोटं दादऱ्याचा ठेका मोजू लागली. धून फिरून फिरून पहिल्या जागी येई आणि तिथून पुन्हा निघे.

"हे संपतं कधी?" आबांनी विचारलं.

"संपत नाही, आबा. थांबवावं लागतं," साडू वाजवता वाजवताच म्हणाले.

"तुनासारखंच शे हाई." आबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "मग नको थांबवूस."

परतीच्या एस.टी.त साडू बसले. खिडकीशी, दोन्ही पेटारे मांडीवर घेऊन, धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत ते स्वस्थ बसले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण सुरुवातीला मी जे लिहिलंय त्यामुळे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते ठीकच आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात साडू गेले. भाजी घेऊन येताना, रस्त्यात, चालता चालता. आबा अजून आहेत. त्यांना निरोप द्यायला कोणाला पाठवायचं, यावर बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलणं चाललं होतं. आतल्या खोलीत माणसं एकेक करून पुढे जात होती, वाकत होती, पायांना हात लावून बाजूला होत होती. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो, आणि माझा हात आपसूक उजव्या घोट्यावर, रोजच्या जागी गेला. तो किती वेळ तिथे होता मला ठाऊक नाही. मागे माणसं खोळंबली होती. अक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "सोडा आता त्यांचा पाय."

मी सोडला. पण लगेच उठलो नाही. धुळ्यालाही सोडल्याबरोबर तो कुठे हलला होता.