माना खाली

आमच्या चिखलीच्या बॉक्सिंग क्लबमध्ये मुलं आधी गॉगल घेतात, मग ग्लोव्हज. प्रायोजक हवा तर नुसते ठोसे चालत नाहीत, अ‍ॅटिट्यूड लागतो, यावर तिथे सगळ्यांचं एकमत आहे. एकाने शेजाऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर बसून रील टाकली आणि त्याला प्रोटीनच्या डब्यांची जाहिरात मिळाली. ती गाडी त्याला चालवता येत नाही.

माझा धाकटा भाऊ यात मागे पडला होता. घरात झुरळ दिसलं की तो मला हाक मारतो. पण पप्पांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत कोणी खर्च उचलला तर ठीक, नाहीतर बॉक्सिंग बंद. चाकणला त्यांच्याच कंपनीत ट्रेनी म्हणून लागायचं.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून त्याचं अकाउंट माझ्याकडे आलं. रिक्षावाल्याला फोनवर पत्ता सांगतानाही मी अडखळते, पण लिहिताना मी भलतीच शूर. ‘मी रिंगमध्ये आलो की माना खाली!’ हे वाक्य माझं. गॉगल लावून त्याने ते सोळाव्या टेकला नीट म्हटलं.

ते चाललं. इतकं, की पप्पांच्या मालकांनीच त्याला खंडेनवमीच्या मशीनपूजेला पाहुणा म्हणून बोलावलं. पोरगा आवडला तर प्रायोजक तेच होणार होते. त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात, म्हणून मीही गेले.

भाऊ गेटवरच वॉचमनच्या पाया पडला. मग सुपरवायझरच्या. मग ओळीत उभ्या असलेल्या एकेका काकांच्या. प्रेस मशीनसमोर बूट काढून त्याने डोकं टेकवलं. मालकांचा चेहरा उतरत गेला.

“हा तर फारच सज्जन निघाला. व्हिडिओतला पोरगा कुठाय?”

मार्केटिंगवाल्याने लगेच मोबाईल रोखला. “भावा, गॉगल लाव आणि ते वाक्य होऊन जाऊ दे. मागे कामगार राहू देत, भारी दिसेल.”

मागे पप्पा होते. कपाळाला कुंकू, हातात खोबऱ्याचा प्रसाद. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवरच्या झेंडूच्या हाराकडे पाहिलं.

“बोल की रे, साहेब थांबलेत,” पप्पा म्हणाले.

तो बोलला. दुकानात पाव किलो साखर मागावी तसा. एक काका फिसकन हसले.

“पुन्हा! आणि मागच्यांनी जरा घाबरायचं, काय?” मार्केटिंगवाला म्हणाला.

दुसऱ्यांदा तो बोलला तेव्हा पप्पांनी मान खाली घातली. सगळ्यांत आधी. शेजारच्या काकांना त्यांनी कोपराने ढोसलं, तशा ओळीतल्या सगळ्या माना एकेक करून खाली गेल्या.

“वा! वडीलसुद्धा घाबरले!” मालक खूश झाले. वर्षभराचा करार तिथेच पेढ्यांसकट ठरला. भावाने गॉगल काढला नाही. डोळे पुसायचे होते, ते त्याने खालून बोट घालून पुसले.

रविवारी पप्पांनी मला तो व्हिडिओ लावायला सांगितला. चष्मा लावून दोनदा पाहिला.

“माझी मान जरा जास्तच खाली गेली का गं?”

“नाही पप्पा. बरोबर आहे.”

“आणि हे वर इंग्रजीत काय लिहिलंय?”

ती ओळ माझीच होती. याच्यापुढे बापसुद्धा झुकतात, असा तिचा अर्थ. दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्यात, असं मी सांगितलं.