समुद्रघोड्यांच्या मॅडम

मी शिकवतो त्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम माणसांशी तुसडेपणानं वागतात, पण टाकीतल्या समुद्रघोड्यांना दिवसातून चारदा बारीक कोळंबी भरवतात. आधी त्या कोळंबीलाच शेवाळ खाऊ घालतात. "उपाशी कोळंबीत सत्त्व कुठलं?" म्हणतात. मग एकेकाच्या तोंडाशी ड्रॉपर धरून, तो गिळेपर्यंत हलत नाहीत. स्वतः मात्र अंडंही खात नाहीत.

महाशिवरात्रीच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत विसरलेला चष्मा न्यायला गेलो, तर द्वारका चौकातल्या घरून रिक्षा करून त्या आलेल्या.

"मॅडम, कडक उपवास आणि हातात कोळंबी?" मी हसलो.

टाकीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "सर, यांना जठरच नसतं, खाल्लेलं राहतच नाही. कालचं जेवण ज्याच्या पोटात आहे, त्यानं उपवास करावा."