त्याच्या वाट्याचं दही

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि तो हक्क मी सिल्लोडजवळच्या शेतात एका सकाळी गमावला. नुसतं ‘तो’ म्हणते. गावठी कुत्रा, मातकट रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. सहा वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीत एका स्कूटरखाली सापडला आणि माझ्या मागोमाग तीन जिने चढून वर आला. आमच्या ह्यांनी दारातच विचारलं, “हे किती दिवस चालणार?” मी म्हटलं, “बघू.”

हे म्हणजे माझे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि घरातलं पाणी कुठं वळवायचं ते अजूनही आपणच ठरवतो अशा समजुतीत असलेले. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. देशाच्या सीमा फळ्यावर खडूनं काढल्या, पोरांकडून पाठ करून घेतल्या, आणि स्वतः एकही ओलांडली नाही. त्यामुळं ह्यांनी आपल्याच गाडीनं नेपाळला जायची टूम काढली तेव्हा मी मनातून हरखले. पण पहिला प्रश्न विचारला तो कुत्र्याचा.

“ठेवू की शेजाऱ्यांकडं,” हे म्हणाले.

शेजाऱ्यांकडं! तो दोनदा भुंकला की ज्यांचा फोन येतो, त्यांच्याकडं. मी साफ सांगितलं, तो येणार असेल तर मी येणार, नाहीतर तुम्ही एकटे जा आणि पशुपतिनाथाला माझा नमस्कार सांगा. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना हे म्हणाले, “बरं. नेऊ त्याला.” इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं एवढ्या सहज कधी ऐकलं नव्हतं. मला शंका यायला हवी होती. मी खुळी, आनंदानं अजून अर्धा कप चहा ओतून दिला.

मग तयारी सुरू झाली. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन त्याला रेबीजची सुई टोचून आणली. डॉक्टर म्हणाले, निघायच्या आधी तब्येतीचा दाखला घ्यावा लागेल, सरहद्दीवर विचारतात. “तो मी आणतो, तुला रांगेत उभं राहायला नको,” हे म्हणाले. मी त्याच्यासाठी घडी होणारं पाण्याचं भांडं आणलं, निळ्या रंगाचं. मागच्या सीटवर जुनी सोलापुरी चादर अंथरली. एवढं सगळं झालं तरी खरी अडचण होतीच. त्याला गाडी लागायची.

पहिल्या रविवारी आम्ही त्याला फुलंब्रीपर्यंत नेलं. फुलंब्रीच्या अलीकडंच त्यानं चादरीचा निकाल लावला. मी पुसत बसले, आणि हे, ज्यांना गाडीच्या सीटवर बिस्किटाचा चुरा पडलेला चालत नाही, ते शांतपणे म्हणाले, “सवय होईल. दर रविवारी थोडं थोडं पुढं नेऊ.” मला भरून आलं. हे मी आता दात ओठ खात लिहितेय, पण तेव्हा खरंच भरून आलं होतं.

गाडीत चढायचं मी त्याला शिकवलं. दार उघडायचं, एकदाच ‘चल’ म्हणायचं, उडी मारली की भाकरीचा वाळका तुकडा द्यायचा. तीन आठवड्यांत तो इतका तयार झाला की जिन्यात किल्लीचा आवाज आला तरी खाली धावायचा आणि दारापाशी उभा राहायचा, पडलेला कानसुद्धा थोडा वर करून.

चौथ्या रविवारी सिल्लोडला पोचलो. तिथून आत दोन-तीन किलोमीटरवर माझ्या धाकट्या दिरांचं शेत आहे. मका, कपाशी, दोन म्हशी, आणि शेतातच बांधलेलं घर. “चहा घेऊन परतू,” हे म्हणाले. पुढच्या रविवारी चहाचं जेवण झालं. जाऊ त्याला दुधात भाकरी कुस्करून द्यायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, माझ्याच हातानं खातो तो. तर हे म्हणाले, “तिलाच देऊ दे. प्रवासात परक्या हातचं खायची सवय लागली पाहिजे.” मला ते पटलं. नंतरच्या रविवारी आम्ही फर्दापूरपर्यंत गेलो, पण ऊन फार म्हणून त्याला शेतावरच ठेवलं. दोन तासांनी आलो तर तो गोठ्यापाशी सावलीत झोपलेला. “बघ, किती शहाण्यासारखा राहिला,” हे म्हणाले. मला अभिमान वाटला. ह्यांनी एकेक रविवार कसा मोजून वापरला, ते मला आज कळतं. कालव्याची चारी सुटावी आणि पाणी बरोबर ठरलेल्या वाफ्यात जावं तसं सगळं चाललं होतं.

निघायचा दिवस आला. आदल्या रात्री ह्यांनी एक बंद पाकीट दाखवून ‘हा त्याचा दाखला’ म्हणून सांगितलं होतं. उजाडताना निघालो. तो मागच्या सीटवर, शेजारी निळं भांडं, औषधांची पिशवी, माझी लोकरीची टोपी. त्याला एकदाही ओकारी झाली नाही. फुलंब्री गेलं तेव्हा मी मागं वळून त्याला म्हटलं सुद्धा, आता बघ, तुला हिमालय दाखवते. हे आरशात बघत होते.

वाट शेतावरूनच होती. दीर बाहेर उभेच होते. जावेनं पोहे केले होते. तो उतरून ओळखीच्या अंगणात हुंगत फिरला, म्हशींना भुंकून आला. आमचा चहा झाला आणि जाऊ वाटी घेऊन बाहेर आली. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही आमच्याकडं सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत. तिनं ह्यांच्या हातावर ठेवलं. माझ्या हातावर ठेवलं. मी माझं खाल्लं आणि हात पुन्हा पुढं केला. म्हटलं, “अजून थोडं घाल. त्याला चाटवते.”

जाऊ चमचा धरून थांबली. “त्याला कशाला, ताई? तो कुठं चाललाय? तो तर इथंच ऱ्हाणार नं.” मग माझं तोंड बघून तिचा आवाज उतरला. “भावजी लई दिवसांखालीच बोललेत की. तुम्हाला ठावं नाय व्हय?”

मला ठाऊक नव्हतं. दिरांना होतं, जावेला होतं, त्या अंगणातल्या प्रत्येकाला होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे गाडीची काच पुसत होते, स्वच्छ असलेली काच.

“दाखला कुठंय त्याचा?” मी विचारलं.

“काढलाच नाही.”

“आणि ते पाकीट?”

“त्यात आपल्या आधारच्या झेरॉक्स आहेत.”

मी तिथंच, दीर-जावेसमोर, ह्यांना जे बोलले ते आमच्या घराण्यात कुठल्या सुनेनं आजवर उच्चारलं नसेल. हे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “तुला आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. कुत्र्याला घेऊन कोण जातं इतक्या लांब? इथं मोकळा राहील. कुत्र्याची जागा शेतावरच असते.” दिरांनी मान डोलावली. आमच्याकडं सगळे असंच म्हणतात, आणि वाईट मनानं म्हणत नाहीत. शहरात जड झालेलं कुत्रं शेतावर सोडलं की माणसाला पुण्य केल्यासारखं वाटतं. ह्यांनाही वाटत होतं. त्याचाच मला जास्त संताप आला. ज्याला आपण फसवतोय हेच कळत नाही, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

मी काय करायला हवं होतं ते मला नीट माहीत आहे. त्याला घेऊन सिल्लोडला यायचं, एखादी रिक्षा बघायची आणि घरी परतायचं. मी पाऊण तास अंगणातल्या बाजेवर बसले. हॉटेलांची बुकिंगं झाली होती. सगळ्या गावाला सांगून झालं होतं. आणि मला जायचं होतं. हेच खरं आहे, आणि हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. साठी ओलांडलेल्या बाईला एकदा, एकदाच, ती फळ्यावरची रेघ ओलांडून बघायची होती.

मी उठले आणि गाडीचं दार उघडलं. त्याबरोबर तो गोठ्याकडून धावत आला. दार उघडलं की काय करायचं ते मीच शिकवलं होतं. येऊन दारापाशी उभा राहिला, कान वर करून, ‘चल’ची वाट बघत. मी चल म्हटलं नाही. मी आत बसले आणि दार ओढून घेतलं. काचेतून मला फक्त त्याचा एक उभा कान दिसत होता. दिरांनी त्याला पट्ट्याला धरलं.

नेपाळबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. सोनौलीला सरहद्दीच्या नाक्यावर आमचे आणि गाडीचे कागद बघितले, आणि आम्ही पलीकडं गेलो. कुत्र्याबद्दल कुणी विचारलं नाही. डोंगर होते. हे फोटो काढत राहिले. सोळा दिवस मी ह्यांच्याशी जेवणाखाण्यापुरतं बोलले.

परतताना थेट शेतावर गेलो. निळं भांडं अंगणात होतं, त्यात कोंबड्या दाणे टिपत होत्या. तो मला बघून धावत आला, अंगावर उड्या मारल्या, तोंड चाटलं, विव्हळला. माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, विसरला सगळं. मी गाडीपाशी गेले, मागचं दार सताड उघडलं आणि म्हटलं, “चल.”

तो जागच्या जागी थांबला. उघड्या दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. शेपूट हलत होतं ते हळूहळू थांबलं. तो वळला आणि जावेच्या पायामागं जाऊन बसला. मी भाकरीचा तुकडा दाखवला. तीनदा चल म्हटलं. शेवटी शेवटी माझा आवाज फाटला.

“बघ, रमलाय इथं,” हे म्हणाले.

रमला नव्हता. त्याला ह्यांचा कट ठाऊक नव्हता, दाखल्याचं ठाऊक नव्हतं, जाऊ काय बोलली तेही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की दार मी उघडलं आणि दार मीच लावलं.

आता मी रविवारी एसटीनं सिल्लोडला जाते. हे गाडी काढू का म्हणतात, मी नको म्हणते. फाट्यावरून चालत गेले की तो बांधापर्यंत सामोरा येतो. दिवसभर माझ्या पायाशी असतो. निघायची वेळ झाली की जाऊ माझ्या हातावर दही ठेवते. मी खात नाही. वाकून हात त्याच्यापुढं धरते. तो सगळा तळवा चाटून स्वच्छ करतो, आणि मी निघायच्या आधीच उठून गोठ्याकडं जातो.