रवंथ थांबला की पिच्चर पास

नांदूरघाटच्या माळावर एक म्हातारा रोज दुपारी लिंबाखाली शेळ्या बसवायचा आणि मोबाईलवर भुताचे पिच्चर लावायचा. फक्त सुरुवातीचा भाग. स्वतः पडद्याकडे न बघता तो शेळ्यांची तोंडं बघायचा. त्यांचा रवंथ थांबला की पिच्चर पास.

मी वर्षभर राबून भुताची शॉर्टफिल्म केली होती. एकदा मोठ्या हौसेनं त्याला दाखवली. पहिल्याच दृश्यात किंचाळी, रक्त आणि भूत! शेळ्या निवांत रवंथ करत राहिल्या. एकीनं तर सुखानं डोळे मिटले.

"नापास," तो म्हणाला. "भूत लई लवकर आणलं तुमी. दिसल्यावर कशाचं भ्या?"

"शेळ्यांना काय कळतंय सिनेमातलं?" मी भडकलो.

त्यानं मोबाईल बंद केला. तेवढ्यात सगळ्यांचा रवंथ एकदम थांबला. कान टवकारून शेळ्या माझ्या पाठीमागं बघू लागल्या. तिथं मोकळ्या माळाशिवाय काही नव्हतं. निदान मी बसलो तेव्हा तरी नव्हतं. मान वळवायचा मला धीर होईना.

"हां," तो खूश होऊन म्हणाला, "हितनं सुरू करायचा असतोय पिच्चर."